कौल ते ‘गोल्डन व्हिसा’ : परमुलखात व्यापार मांडू पाहणाऱ्यांचा इतिहास

#धागा

(१) कडेगाव, विटा, आटपाडी या पट्ट्यातील माणसाला व्यापारासाठी मुलूख सोडणे नवीन नाही. अलीकडे मात्र गावाकडील मित्रांकडून एक वेगळा प्रश्न वारंवार येतो : भांडवल घेऊन परदेशात धंदा मांडायचा तर कोणता व्हिसा मिळतो? उत्तर म्हणून त्यांच्या हाती बहुधा एखाद्या एजंटचे पत्रक असते. एका रकान्यात देशाचे नाव, दुसऱ्यात रक्कम. आज याच प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

(२) आरंभ ‘कौल’ या शब्दापासून करू. मूळ अरबी असलेल्या या शब्दाचा अर्थ वचन. मराठी कागदपत्रांत कौल म्हणजे राज्याने रयतेस वा व्यापाऱ्यास दिलेले लेखी अभयवचन. ओसाड गाव पुन्हा लावायचे असो की नवी पेठ वसवायची असो, बाहेरचा माणूस यायचा तो कौल हाती घेऊन. किती वर्षे कर माफ आणि त्यानंतर तो कसा चढत जाईल, हे त्यात नमूद असे. अशा चढत्या आकारणीस ‘इस्तावा’ म्हणत.

(३) पेठ वसवणे हे राज्याच्या दृष्टीने दूरच्या फायद्याचे काम होते. वाणी-उदमी आणून बसवण्याची जबाबदारी शेटे-महाजनांवर असे आणि त्याबद्दल त्यांना वतन मिळे. आरंभीच्या वर्षांत सरकार कर सोडी. पेठ नांदती झाली की जकातीच्या रूपाने ते परत येई. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आलेल्या व्यापाऱ्याकडून प्रवेशाची किंमत घेण्याऐवजी राज्य त्याला सवलत देत होते. अर्थात ही कृपा नव्हती. त्यामागे रोकडा हिशोब होता.

(४) हा हिशोब सर्वांत स्पष्टपणे मांडला आहे तो रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात. काळ साधारण १७१५ च्या सुमाराचा, गादी कोल्हापूरची. त्यात साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. साहुकारांमुळे राज्य आबाद होते, परमुलखातील दुर्मीळ वस्तू येतात, प्रसंगी कर्ज मिळते. म्हणून परदेशचे साहुकार आणून पेठांत वसवावेत, त्यांचा मान राखावा, त्यांना उपद्रव होऊ देऊ नये, असा त्याचा आशय आहे.

(५) मात्र याच प्रकरणात पुढे टोपीकरांविषयी निराळा नियम सांगितला आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हेही व्यापारीच. पण त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना मुलखाचा लोभ आहे. त्यांनी यावे-जावे, व्यापार करावा. पण कायमचा ठाव देऊ नये. वखारीस जागा देणे भागच पडले तर समुद्रकाठी वा खाडीलगत देऊ नये, आत दूर द्यावी, मजबूत इमारत बांधू देऊ नये, असा सल्ला आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर साहुकाराला निवासाचा व्हिसा आणि टोपीकराला फक्त ये-जा करण्याचा.

(६) ही सावधगिरी अनाठायी नव्हती. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले आणि वार्षिक ३,००० रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकातमाफ व्यापाराची मुभा मिळाली. ही सवलत कंपनीच्या मालासाठी होती. परंतु कंपनीचे नोकर तेच दस्तक आपल्या खासगी व्यापारासाठी वापरू लागले. बंगालच्या नवाबांशी कंपनीचे जे बखेडे झाले, त्यांत दस्तकांच्या या गैरवापराचा वाटा मोठा होता. यजमान राज्याने अटी नीट घातल्या नाहीत, किंवा पाळून घेतल्या नाहीत, तर पाहुणा घरमालक होतो.

(७) समुद्रावर तर परवान्याशिवाय व्यापारच अवघड होता. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देत. तो नसलेले गलबत ते जप्त करीत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपल्या दर्यातून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा आग्रह धरला तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. दोन्हीकडचा व्यवहार एकच होता. परवाना कोणी द्यायचा, एवढ्यावरच भांडण होते.

(८) या सगळ्या कागदांतून चार प्रश्न हाती लागतात. कौल देणारा कोण? तो कशाच्या बदल्यात देतो? मुदत किती? आणि त्याने कौल मोडला, तर घेणाऱ्याच्या हाती काय उरते? पुढचा धागा वाचताना हे चार प्रश्न सोबत ठेवावेत.

(९) आता कडेगावच्या अगदी शेजारचे उदाहरण. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. तेथील नगरपालिकेला वस्तीच्या विस्तारासाठी ती जागा हवी झाली आणि त्यांना ती सोडावी लागली. बेळगाव ब्रिटिश मुलखात, मुंबई इलाख्यात. त्या वेळी त्यांना आसरा मिळाला तो दुसऱ्या राज्यात : औंध संस्थानात.

(१०) औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. त्यांनी आपल्या मुलखातील कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन किर्लोस्करांना देऊ केली आणि भांडवलासाठी कर्जही दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा माळ. १९१० मध्ये तेथे कारखाना उभा राहू लागला. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र यांनी त्या माळाचे नाव सगळीकडे पोहोचवले. पुढे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

(११) आठव्या भागातील प्रश्न येथे लावून पाहू. कौल देणारा : राजा. बदल्यात : रोख रक्कम नव्हे, तर त्या माळावर उभा राहणारा उद्योग. मुदत : कारखाना चालेल तोवर. मोडला तर : राजाच्या शब्दाखेरीज आधार नाही. हा कौल टिकला, कारण दोघांनाही तो टिकवण्यात स्वारस्य होते आणि राजाचा शब्द खरा निघाला. उद्योजकाचे नशीब मात्र एका व्यक्तीच्या भल्या बुद्धीवर अवलंबून होते.

(१२) १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५० मध्ये संविधान अमलात आले आणि देशापुरता कौलाचा प्रश्नच मिटला. अनुच्छेद १९ नुसार नागरिकाला भारतभर संचार करण्याचा, कोठेही राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क मिळाला. कायद्याने त्यावर वाजवी निर्बंध येऊ शकतात. पण आता बेळगावहून कुंडलला जाण्यासाठी कोण्या राजाची मर्जी लागत नाही.

(१३) या हक्काचा आमच्या भागाइतका उपयोग फार थोड्यांनी केला असेल. कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यातच होते. पर्जन्यछायेचा हा प्रदेश. शेतीचा भरवसा नाही. येथील माणसे गलाईच्या कामासाठी बाहेर पडली आणि भारताच्या कानाकोपऱ्यांतील सराफ बाजारांत पोहोचली. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी मुशीत वितळवून, तेजाबाच्या साहाय्याने त्यातील हीण काढून, शुद्ध धातू परत देण्याचा व्यवसाय.

(१४) दुसऱ्याचे सोने हाती घेऊन वितळवायचे, म्हणजे विश्वास हेच खरे भांडवल. तो विश्वास भावकीच्या आणि गावाच्या साखळीतून उभा राहिला. आधी गेलेल्याने मागच्याला बोलवायचे, कामाला ठेवायचे, शिकवायचे. मग त्याने पुढच्या गावी स्वतःची मूस मांडायची. भाषा वेगळी, अन्न वेगळे. पण वास्तव्याची मुदत संपण्याची भीती नाही. मुलांच्या शाळेसाठी किंवा गाळा घेण्यासाठी कोणाचा निवास परवाना दाखवावा लागत नाही. हा हक्क इतका अंगवळणी पडला आहे की तो हक्क आहे, हेच आपण विसरतो.

(१५) देशाची सीमा ओलांडली की चित्र पालटते. आज सर्वत्र दिसणारी पासपोर्ट-व्हिसाची व्यवस्था पहिल्या महायुद्धाच्या काळात घट्ट झाली. युद्धकाळातील निर्बंध पुढे उठले नाहीत. उलट १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्ट पुस्तिकेचे रूप ठरवण्यात आले. व्यापाऱ्याला आता दोन कागद लागू लागले : आपल्या सरकारचा जाण्यासाठी, परक्या सरकारचा येण्यासाठी.

(१६) यातील पहिल्या कागदाची लढाई भारतात एका व्यापाऱ्यानेच जिंकली. सतवंतसिंग साहनी हे मोटारींचे सुटे भाग व अभियांत्रिकी माल यांच्या आयात-निर्यातीचा व्यवसाय करीत. १९६६ मध्ये सरकारने त्यांना पासपोर्ट परत करण्यास सांगितले. त्या काळी पासपोर्ट देण्या-नाकारण्याविषयी कायदाच नव्हता. सगळे सरकारच्या मर्जीवर चाले. साहनी सर्वोच्च न्यायालयात गेले.

(१७) १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला : परदेशप्रवास हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याच्या आधाराविना तो हिरावता येणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा संमत झाला. आज आपण पासपोर्टसाठी अर्ज करतो तो याच कायद्याखाली.

(१८) मात्र हा निकाल दाराच्या अलीकडच्या बाजूचा आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेरावे कलमही तेवढेच सांगते : कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परक्या देशात शिरण्याचा हक्क कोणी दिलेला नाही. तेथे आजही कौलच चालतो; त्यालाच आपण व्हिसा म्हणतो. भारतीयाच्या दृष्टीने मोठा अपवाद नेपाळचा. १९५० च्या तहाच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना निवास, मालमत्ता व व्यापार यांबाबत परस्पर सवलती देण्याचे ठरले.

(१९) परक्या भूमीवर कौल मोडला तर काय होते, हे युगांडाने दाखवले. तेथील आशियाई व्यापारी, बहुसंख्य गुजराती, काही गोव्याचेही, पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने त्यांना देश सोडण्यास ९० दिवस दिले. दुकाने, कारखाने, घरे मागे राहिली. सुमारे २७,००० जणांना ब्रिटनने घेतले, कारण त्यांच्यापाशी ब्रिटिश पासपोर्ट होते. त्या घटकेला दुकानाच्या मालकीपेक्षा हातातील पासपोर्ट अधिक मोलाचा ठरला.

(२०) ही पार्श्वभूमी घेऊन आजच्या पर्यायांकडे वळू. पहिला फरक : कौलाची दिशा उलटली आहे. औंधच्या राजाने उद्योजकाला जमीन दिली. आजचे श्रीमंत देश उद्योजकाकडे भांडवल मागतात. अमेरिकेचा ‘ईबी-५’ व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. मार्च २०२२ पासून त्यासाठी साधारणतः १०,५०,००० डॉलर, आणि ग्रामीण वा बेरोजगारीग्रस्त भागात ८,००,००० डॉलर गुंतवावे लागतात. शिवाय पूर्णवेळ दहा रोजगार निर्माण व्हावे लागतात. आरंभी दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य मिळते. अटी पुऱ्या केल्याचे दाखवल्यावर ते कायम होते.

(२१) येथे दोन गोष्टी पत्रकात बहुधा नसतात. एक : कायद्याप्रमाणे ही गुंतवणूक जोखमीची असावीच लागते. मुद्दल परत मिळण्याची हमी देणारा एजंट म्हणूनच संशयास्पद. तशी हमी खरी असेल तर ती गुंतवणूक नियमात बसत नाही. दोन : पैसा कोठून आला याचा माग कागदोपत्री द्यावा लागतो. जमीन विकली असेल तर सातबारा, खरेदीखत, बँकेचा उतारा, आयकर विवरण, सगळे जुळावे लागते. रोखीच्या धंद्यात वर्षे काढलेल्या घरांची येथेच अडचण होते.

(२२) अमेरिकेचा ‘ई-२’ हा तुलनेने कमी भांडवलावर स्वतःचा धंदा चालवण्याचा व्हिसा. पण तो तहावर अवलंबून आहे आणि भारताशी असा तह नाही. म्हणून काही जण ग्रेनाडासारख्या, तह असलेल्या देशाचे नागरिकत्व विकत घेण्याचा मार्ग सुचवतात. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने या वाटेवरही अट आली : पैसे देऊन नागरिकत्व घेतलेल्याने त्या देशात तीन वर्षे सलग वास्तव्य केलेले असावे.

(२३) आणि याची घरची किंमत मोठी आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकते. पण ओसीआय धारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने येऊ शकते, खरेदीने नाही. गावाकडे चार एकर वाढवण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

(२४) चालता व्यवसाय असणाऱ्यासाठी वेगळा मार्ग आहे : ‘एल-१ए’. येथील कंपनीचा व्यवस्थापक तेथील शाखेत जातो. नवी शाखा असेल तर आधी एकच वर्ष मिळते. शाखा खरोखर चालते हे दाखवले की मुदत वाढते, एकूण कमाल सात वर्षे. मात्र येथील धंदाही चालू राहावा लागतो. ‘बी-१’ तर केवळ बैठका, वाटाघाटी, प्रदर्शने यांसाठी; त्यावर जाऊन दुकान चालवणे म्हणजे नियमभंग. आज्ञापत्रातील ‘ये-जा करावी, ठाव देऊ नये’ ही वर्गवारी आठवावी.

(२५) ब्रिटनमध्ये २०,००,००० पौंड गुंतवून मिळणारा व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी तडकाफडकी बंद झाला. आयर्लंडने २०२३ मध्ये, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये आपापली योजना संपवली. पोर्तुगालची योजना २०१२ ची. ऑक्टोबर २०२३ पासून घर घेऊन व्हिसा मिळण्याची वाट तेथे बंद झाली. ब्रिटनचा सध्याचा ‘इनोव्हेटर फाउंडर’ व्हिसा रकमेपेक्षा कल्पना पाहतो : धंदा नवा, नावीन्यपूर्ण, टिकणारा आणि वाढू शकणारा असल्याचे मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित करावे लागते. साधे किराणा दुकान त्यात बसत नाही.

(२६) संयुक्त अरब अमिरातीचा ‘गोल्डन व्हिसा’ २०१९ चा. २०,००,००० दिरहमची मालमत्ता घेतल्यास दहा वर्षांचे वास्तव्य मिळू शकते. मुदत संपल्यावर नूतनीकरण होते; पण ही नागरिकत्वाकडे नेणारी वाट नव्हे. दहा वर्षांचा कौल हा शेवटी दहा वर्षांचाच कौल.

(२७) पैसा बाहेर नेण्याचेही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा २००४ मध्ये २५,००० डॉलर होती. २०१५ पासून ती दरडोई, दर आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. म्हणजे ईबी-५ ची किमान रक्कमही एकट्याला एका वर्षात या मार्गाने पाठवता येत नाही. ही योजना केवळ व्यक्तींसाठी आहे. भागीदारी संस्था वा एकत्र हिंदू कुटुंब यांच्या नावे ती वापरता येत नाही. ‘वरचे आम्ही बघतो’ असे कोणी म्हणत असेल, तर तो हवालाकडे बोट दाखवतो आहे आणि गुन्हा नोंदला जाईल तो पाठवणाऱ्याच्या नावावर.

(२८) एवढे सगळे सांगण्याचा हेतू कोणाला जाण्यापासून रोखण्याचा नाही. गलाईवाले मुलूख सोडून गेले म्हणून आमच्याकडची कित्येक घरे उभी राहिली. परंतु विट्याहून परराज्यात जाणारा नागरिकाचा हक्क घेऊन गेला. परदेशी जाणारा कौल घेऊन जातो. पहिल्याचा धंदा बुडाला तरी त्याचे राहणे कोणी काढून घेत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत धंदा आणि राहणे एकाच कागदावर टांगलेले असते.

(२९) म्हणून पत्रकातील रकमेआधी तेच चार प्रश्न विचारावेत. कौल देणारे सरकार कोणते, आणि मधला माणूस कोण? बदल्यात काय हवे : पैसा, रोजगार की कल्पना? मुदत किती आणि त्यानंतर काय? नियम बदलला तर आपल्या हाती काय उरते? नियम सतत बदलतात. अर्ज करण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरील त्या दिवसाचा मजकूर स्वतः वाचावा. जमीन विकण्याचा निर्णय या वाचनानंतरचा असावा.

(३०) कोणाच्या घरी पेठ वा गाव वसवण्याचे जुने मोडी कौलनामे असतील, किंवा गलाईसाठी प्रथम बाहेर पडलेल्या पिढीची पत्रे, भाड्याच्या पावत्या, हिशोबाच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. छायाचित्रे काढून ठेवा, जमल्यास मला कळवा. या भागाच्या स्थलांतराचा इतिहास अद्याप मुख्यतः घरांच्या माळ्यावरच पडून आहे.

धागा समाप्त. #इतिहास #कडेगाव #गलाई